गाठ रुग्णाची, पेशी परक्या: मेडेयीनमधल्या एका बायोप्सीचा तपास

जानेवारी २०१३. कोलंबियातल्या मेडेयीन शहरात ४१ वर्षांचा एक पुरुष डॉक्टरांकडे आला. कित्येक महिने ताप, खोकला, थकवा आणि सतत उतरत चाललेलं वजन. त्याला एचआयव्हीची लागण आहे हे आधीच माहीत होतं, पण औषधं नियमित चालू नव्हती. रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची सूत्रं हलवणाऱ्या पेशी, फार खाली गेल्या होत्या. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसांत गाठी दिसल्या आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) वाढलेल्या होत्या.

एवढी माहिती घेऊन मुंबईतल्या किंवा लातूरमधल्या एखाद्या फिजिशियनकडे गेलात तर त्याच्या तोंडून पहिला शब्द येईल ‘टीबी’. दुसरा ‘लिम्फोमा’, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर. त्यानंतर बुरशीचे आजार. लॅटिन अमेरिकेत हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी एचआयव्हीच्या रुग्णांत बरीच दिसते, त्यामुळे तिथे तिचा नंबर वर लागेल. या यादीत काही चूक नाही. नेहमी दिसणारे आजार आधी तपासायचे असतात, कारण दहातल्या नऊ वेळा उत्तर त्यांतच मिळतं.

शौच तपासणीही झाली होती. तिच्यात हायमेनोलेपिस नाना या बुटक्या टेपवर्मची अंडी सापडली, सोबत ब्लास्टोसिस्टिस हा आतड्यात राहणारा एकपेशीय जीव. दोन्ही गोष्टी अशा भागात रोजच्याच. जंतांवरचं अल्बेंडाझोल दिलं गेलं, एचआयव्हीची औषधं पुन्हा सुरू झाली. शौचाचा रिपोर्ट फाइलला लागला. या साऱ्या आजाराचा धागा त्याच कागदावर होता, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं, आणि त्याबद्दल त्या डॉक्टरांना बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं. वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा आजार नव्हता.

गाठी कशाच्या आहेत ते कळण्यासाठी फुफ्फुसातून आणि लसिकाग्रंथीतून तुकडे काढले. आपल्याकडे बायोप्सीचं नाव निघालं की नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, ‘डॉक्टर, तुकडा काढल्यावर गाठ पसरत नाही ना?’ त्या भीतीपायी पुष्कळ निदानं लांबणीवर पडतात, म्हणून मुद्दाम सांगतो की या रुग्णाच्या आजाराचं नाव जगाला कळलं ते केवळ त्या तुकड्यांमुळे. रक्ताच्या कुठल्याही चाचणीतून किंवा स्कॅनमधून ते कळलं नसतं.

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो, म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत पक्क्या होतात. मग त्यातलं पाणी काढून त्या जागी मेण भरतात आणि तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात. लॅबमध्ये त्याला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोमवर त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे पापुद्रे कापायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. हेमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. शंभराहून अधिक वर्षं जगभरातल्या पॅथॉलॉजीचा बहुतेक कारभार या दोन रंगांवर चालत आला आहे.

मेडेयीनच्या रुग्णाच्या स्लाइडवर काय दिसलं? पेशींचे पुंजकेच पुंजके. सगळ्या पेशी एकसारख्या, कुठलंही खास रूप न घेतलेल्या. थोड्या जागेत दाटीवाटीने कोंबलेल्या, भराभर विभागणाऱ्या, आणि आजूबाजूच्या निरोगी ऊतीत घुसत चाललेल्या. कॅन्सर ओळखायला पॅथॉलॉजिस्ट ज्या खुणा शोधतो त्या सगळ्या तिथे होत्या: बेलगाम वाढ, शिस्त मोडलेली रचना, शेजाऱ्याच्या हद्दीतली घुसखोरी, मूळ जागा सोडून दुसरीकडे बसवलेलं बस्तान. एचआयव्हीचा रुग्ण, वाढलेल्या लसिकाग्रंथी, एकसारख्या लहान पेशींचे थवे. लिम्फोमा म्हणून सही करून मोकळं व्हायला यापेक्षा कमी पुराव्यावरही माणूस तयार होतो.

पण पेशी फारच लहान होत्या.

पॅथॉलॉजिस्टजवळ प्रत्येक स्लाइडवर एक फुकटची मोजपट्टी असते, ती म्हणजे तांबडी रक्तपेशी. तिचा व्यास साधारण सात-आठ मायक्रॉन. ऊतीच्या कुठल्याही तुकड्यात एखादी रक्तवाहिनी सापडते, तिच्यात तांबड्या पेशी सापडतात आणि शेजारची संशयित पेशी तिच्या किती पट आहे हे नजरेला आपोआप कळतं. माणसाच्या कॅन्सरपेशी सहसा मोठ्या असतात. ज्यांना आम्ही ‘लहान पेशींचा कॅन्सर’ म्हणतो त्यांच्या पेशीसुद्धा लिम्फोसाइट या लहानशा पांढऱ्या पेशीपेक्षा मोठ्याच भरतात. इथल्या पेशी माणसाच्या नेहमीच्या कॅन्सरपेशीच्या मानाने साधारण दहापटीने लहान असल्याचं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पुढे जाहीर केलं. दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे काही पेशी एकमेकींत विरघळून एक झाल्यासारख्या दिसत होत्या. मानवी पेशी असं क्वचितच करतात.

कोलंबियातल्या डॉक्टरांनी इथे जे केलं ते मला या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं पाऊल वाटतं. त्यांनी जवळचं नाव चिकटवून रिपोर्ट हातावेगळा केला नाही. ‘हे आम्हाला ओळखता येत नाही’ असं म्हणून त्यांनी नमुने अटलांटाला सीडीसीकडे पाठवले. रिपोर्ट आज हवा असतो, रुग्ण ढासळत असतो, ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरतज्ज्ञाला, केमोथेरपी ठरवायची असते. अशा वेळी ‘माहीत नाही’ लिहायला पॅथॉलॉजिस्टला किती बळ लागतं ते त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळतं. लिम्फोमा लिहिलं असतं तर उरल्यासुरल्या प्रतिकारशक्तीवर केमोचा घाव बसला असता आणि मृत्यूच्या दाखल्यावर कॅन्सर हे कारण लागून प्रकरण कायमचं मिटलं असतं.

सीडीसीमध्ये हे नमुने अॅटिस म्यूलेनबाक्स या पॅथॉलॉजिस्टकडे आले. त्यांच्यासमोर दोन गोष्टी एकमेकींशी भांडत होत्या. वागणूक कॅन्सरची होती आणि आकार माणसाच्या पेशीचा नव्हता. मग हा एखादा जंतू? पण एवढ्या आकाराचे जंतू पॅथॉलॉजिस्टला परिचयाचे असतात. हिस्टोप्लाझ्मा दोन ते चार मायक्रॉनचा आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीच्या पोटात बसलेला दिसतो. क्रिप्टोकॉकस या बुरशीभोवती जाड कवच असतं. लेशमॅनिया या एकपेशीय परजीवीत केंद्रकाशेजारी दुसरा बारीक ठिपका असतो. यांतला कुठलाच जीव ऊतीत घट्ट पुंजके करून अर्बुदासारखा, म्हणजे ट्यूमरसारखा, वाढत नाही.

ऊतीतल्या पेशीचं कूळ ठरवायचं एक साधन म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. यात विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) स्लाइडवर सोडतात. ती चिकटली तर तिथे तपकिरी रंग उमटतो. केराटिनला रंग आला तर पेशी आवरण-ऊतीच्या कुळातली, सीडी४५ ला आला तर पांढऱ्या पेशींच्या कुळातली. एखादी गाठ एकाला दाद देत नाही तेव्हा दुसरा स्टेन लावायचा, मग तिसरा. यातली मेख अशी की ही सगळी प्रतिपिंडं मानवी प्रथिनं ओळखायला बनवलेली असतात. पेशी माणसाचीच नसेल तर एकामागून एक स्टेन कोरे येत राहतात. कोरा स्टेन दोन प्रकारे वाचता येतो: ‘हा फार बिघडलेला, ओळख हरवलेला कॅन्सर आहे’ किंवा ‘आपण चुकीच्या प्राण्याची चौकशी करतो आहोत’. पहिला अर्थ रोजच्या सवयीतला आहे, म्हणून तो आधी सुचतो. सीडीसीच्या सुरुवातीच्या तपासण्यांनी मात्र दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवलं. या पेशी मानवी नव्हत्या.

मग कुणाच्या? तिथून पुढे डझनावारी चाचण्या झाल्या.

नेहमीची पीसीआर चाचणी ठरावीक जंतूचा ठरावीक डीएनए शोधते. कुणाला शोधायचं तेच ठाऊक नसेल तर ती कामाची नाही. म्हणून त्यांनी रुंद जाळं टाकलं. ज्या ज्या सजीवांच्या पेशीत केंद्रक असतं, मग ती बुरशी असो, अमीबा असो, वनस्पती असो की प्राणी, त्या सगळ्यांत सापडणाऱ्या जनुकाचा तुकडा वाढवायचा आणि त्याची अक्षरं वाचायची. यात दोन अडचणी असतात. पहिली, माणूसही त्याच जाळ्यात येतो, आणि तुकडा माणसाच्या शरीरातला असल्यामुळे मानवी डीएनएचा पूर येतो. दुसरी, फॉर्मॅलिन पेशीचं रूप टिकवतं पण डीएनएचे तुकडे करतं आणि त्यांना प्रथिनांशी जखडून टाकतं. मेणाच्या ब्लॉकमधून चांगला डीएनए काढणं हे जळलेल्या वहीतून ओळी वाचण्यासारखं काम असतं.

२०१३ च्या मध्यावर उत्तर आलं. त्या गाठीत हायमेनोलेपिस नाना या टेपवर्मचा डीएनए होता.

शौचाच्या रिपोर्टमध्ये ज्याची अंडी सापडली होती, तोच.

इथे कुणीही उडी मारून ‘सापडलं’ म्हणेल, पण पॅथॉलॉजिस्टच्या मनात पहिला संशय येतो तो भेसळीचा. रुग्णाच्या आतड्यात हा कृमी होताच. त्याच्या डीएनएचा अंश रक्तातून वाहत आला असेल. लॅबमध्ये दुसऱ्या नमुन्यातून मिसळला असेल. किंवा ऊतीत कुठेतरी एखादी भरकटलेली अळी असेल आणि गाठीच्या पेशींशी तिचा काही संबंध नसेल. पीसीआरसाठी ऊतीचा लगदा करावा लागतो. डीएनए कुणाचा ते कळतं, तो कुठल्या पेशीत होता ते कळत नाही. शिवाय स्लाइडवर टेपवर्मसारखं काहीच दिसत नव्हतं. ऊतीत टेपवर्मची अळी सापडते तेव्हा आम्ही तिचं डोकं, चूषकं, आकड्या, बाहेरचं आवरण शोधतो. काहीच नाही मिळालं तर निदान कॅल्शियमचे ते गोल गोल कण तरी, जे टेपवर्मच्या ऊतीची ठळक खूण मानले जातात. इथे कृमी म्हणून ओळखता येईल असा एकही अवयव नव्हता. होत्या त्या नुसत्या पेशी.

म्हणून पुरावा जागेवर आणावा लागला. टेपवर्मच्या जनुकीय अक्षरांना जोडीने चिकटणारा शोधक धागा तयार करून तो थेट स्लाइडवर सोडला. तो नेमका त्या पुंजक्यांतल्या पेशींना चिकटला. टेपवर्मची प्रथिनं ओळखणाऱ्या प्रतिपिंडांनीही त्याच पेशी रंगवल्या. तीन वेगवेगळ्या वाटांनी, म्हणजे डीएनएच्या अक्षरांनी, जागेवरच्या शोधक धाग्याने आणि प्रथिनांच्या रंगाने, उत्तर एकच आलं. मला या तपासातला हा भाग वारंवार वाचावासा वाटतो. नवा आजार जाहीर करण्याआधी आपल्याच निष्कर्षावर किती बाजूंनी शंका घ्यायची असते, त्याचा हा वस्तुपाठ आहे.

रुग्णाला मात्र या उत्तराचा उपयोग झाला नाही. टेपवर्मचा डीएनए सापडला तोवर तो उपचार झेपण्याच्या पलीकडे गेला होता. ७२ तासांनी त्याचा मृत्यू झाला.

तपास पुढे चालू राहिला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले पीटर ऑल्सन हे टेपवर्मचे अभ्यासक त्यात होते. गाठीतल्या पेशींचा जनुकसंच खोलवर वाचून तो नेहमीच्या हायमेनोलेपिस नानाशी ताडून पाहिला. तेव्हा गुणसूत्रांत मोठे रचनात्मक बदल आढळले, कॅन्सरमध्ये वर्णन केलेल्या बदलांशी जुळणारे. म्हणजे माणसाच्या शरीरात भरकटलेला हा निव्वळ कृमी नव्हता. कृमीच्या पेशी बदलल्या होत्या, बेलगाम झाल्या होत्या आणि माणसाच्या शरीरात पसरल्या होत्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे प्रकरण छापून आलं. टेपवर्मला अर्बुद होऊ शकतं याचीच तोवर नोंद नव्हती, मग त्या अर्बुदाने यजमानाचा जीव घेणं तर दूरच.

असं घडलं कसं, याचं उत्तर या कृमीच्या जीवनक्रमात सापडतं.

टेपवर्म म्हटलं की आपल्याला वीतभर, हातभर लांब पट्टी आठवते. हायमेनोलेपिस नाना जेमतेम दीड ते चार सेंटिमीटरचा. जगात एका वेळी साडेसात कोटींपर्यंत लोकांच्या आतड्यात तो असावा असा अंदाज सांगितला जातो. माणसात सर्वाधिक आढळणारा टेपवर्म हाच, मुलांमध्ये विशेष. आपल्याकडेही तो लॅबमध्ये शौच तपासणाऱ्यांना अनोळखी नाही. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. उंदरांची लेंडी किंवा पिठातले किडे मिसळलेलं अन्न, किंवा बाधित माणसाची विष्ठा लागलेले हात, यांतून तो पोटात जातो.

बाकीच्या टेपवर्मना वाढायला निदान दोन प्राणी लागतात. अळीसाठी एक, प्रौढासाठी दुसरा. म्हणून डुकराच्या टेपवर्मला डुक्कर लागतं, हायडॅटिड गाठी करणाऱ्या टेपवर्मला मेंढी आणि कुत्रा. हायमेनोलेपिस नाना हा माणसातला असा एकमेव टेपवर्म आहे की ज्याला मधला प्राणी नसला तरी चालतं. अंडं आतड्यात फुटतं, सहा आकड्यांची सूक्ष्म अळी आतड्याच्या अस्तरातल्या केसाएवढ्या उंचवट्यात शिरते, तिथे काही दिवस वाढते, पुन्हा आतड्याच्या पोकळीत येते आणि प्रौढ होते. प्रौढ कृमीची अंडी बाहेर न पडता तिथेच फुटली की नवी पिढी त्याच माणसात सुरू. कृमी स्वतः काही आठवडेच जगतो, पण हे चक्र वर्षानुवर्षं चालू शकतं. निरोगी माणसात प्रतिकारशक्ती या चक्राला आवर घालते. एचआयव्हीत किंवा स्टेरॉइडच्या दीर्घ उपचारात तो आवर सुटतो आणि कृमींची संख्या अफाट वाढते.

दुसरा भाग कृमीच्या शरीराचा. टेपवर्म मानेच्या भागातून सतत नवे खंड तयार करत राहतो. त्यासाठी त्याच्याजवळ आयुष्यभर विभागत राहणाऱ्या मूलपेशी असतात. आता हिशेब मांडा. एका माणसाच्या आतड्यात पिढ्यांमागून पिढ्या, प्रत्येक पिढीत अस्तरात शिरणाऱ्या असंख्य अळ्या, प्रत्येक अळीत सतत विभागणाऱ्या मूलपेशी. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल करताना चूक व्हायची थोडी शक्यता. एखाद्या पेशीत चुका अशा जमून आल्या की ती अळीचं रूप घ्यायचं सोडून नुसतीच विभागत सुटली, आणि ती त्या वेळी आतड्याच्या भिंतीत होती, तर तिथून लसिकावाहिन्या जवळच. धडधाकट माणसात अशी परकी पेशी मारली गेली असती. इथे मारणारंच कुणी उरलं नव्हतं. पेशी लसिकाग्रंथींपर्यंत आणि फुफ्फुसांपर्यंत नेमक्या कुठल्या वाटेने गेल्या ते कुणी पाहिलेलं नाही, पण एवढे दुवे हाताशी असल्यावर घटना अचाट असूनही समजण्यापलीकडची राहत नाही.

एका प्राण्याच्या कॅन्सरपेशी दुसऱ्याच्या अंगात वाढतात, हे त्याआधी माहीत होतं. आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर येणारी गाठ, पशुवैद्य जिला टीव्हीटी म्हणतात, ती नेमकी अशीच आहे. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी समागमातून कुत्र्याकडून कुत्र्याकडे जात आजवर जिवंत राहिल्या आहेत. टास्मानियन डेव्हिल या प्राण्याच्या चेहऱ्यावरचं अर्बुदही चाव्यातून पसरतं. पण तिथे कुत्र्याचा कॅन्सर कुत्र्याला आणि डेव्हिलचा डेव्हिलला होतो. मेडेयीनमध्ये पेशींनी जी सीमा ओलांडली ती पाठीचा कणा नसलेल्या कृमीपासून थेट माणसापर्यंतची होती.

जुन्या नोंदी चाळल्या की अशा रुग्णांच्या सावल्या दिसतात. १९९६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एचआयव्हीबाधित रुग्णाचा जीव घेणाऱ्या एका परजीवीची नोंद आली होती. त्या बहुपेशीय परजीवीचं वर्गीकरण तेव्हा करता आलं नव्हतं. २००३ मध्ये ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांतल्या अशा जीवघेण्या आक्रमणांचा जनुकीय माग काढला आणि त्यांत टेपवर्म असल्याचं दाखवलं. म्हणजे २०१३ मध्ये उत्तर आलं तेव्हा ते समजून घेणारी माणसं आधीच या वाटेवर चालत होती.

आणखी मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकातला जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडोल्फ फिरखोव भेटतो. यकृतातली एक गाठ, सच्छिद्र आणि चिकट, त्या काळी कॅन्सरचाच प्रकार मानली जायची. १८५५ मध्ये त्याने दाखवून दिलं की तो एकायनोकॉकस या टेपवर्मच्या अळीचा प्रताप आहे. त्या वेळी ‘कॅन्सर नव्हे, कृमी’ एवढं म्हणून निदान पूर्ण झालं होतं. १६० वर्षांनी आलेल्या उत्तरात कॅन्सरही होता आणि कृमीही.

उपचाराचा प्रश्न इथे सगळ्यात अवघड आहे. हायमेनोलेपिस नानावर पहिलं औषध प्रॅझिक्वांटेल. ते कृमीच्या स्नायूंना आकडी आणतं आणि त्याचं बाहेरचं आवरण फाडतं. पण या गाठीतल्या पेशींना स्नायूही नव्हते आणि आवरणही नव्हतं, मग औषधाने मारा करायचा कशावर? अल्बेंडाझोल पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवर घाव घालतं, त्यामुळे विभाजन रोखण्याची काही आशा त्याच्याकडून धरता येते. तरी फिरखोवने ओळखलेल्या त्याच यकृताच्या आजारात हे औषध वर्षानुवर्षं द्यावं लागतं, कारण ते कृमीची वाढ थोपवतं आणि मूलपेशी मात्र तग धरून राहतात. उलट माणसाच्या कॅन्सरवरची औषधं कृमीच्या पेशीवर चालतील का, हे कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं. माझ्या मते अशा रुग्णात खरी भिस्त एचआयव्हीच्या उपचाराने प्रतिकारशक्ती परत उभी करण्यावरच ठेवावी लागेल, कारण या पेशी परक्या आहेत आणि परकं ओळखून मारणं हे तिचंच काम. पण त्याला वेळ लागतो.

वाचकाने घाबरून जावं असं यात काही नाही. ज्या मुलाच्या शौचात या कृमीची अंडी सापडतात त्याला गोळ्या द्यायच्या, घरातल्यांचे हात स्वच्छ ठेवायचे, पीठ-धान्य उंदरांपासून झाकून ठेवायचं. तेवढं पुरतं. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः गोल जंत आणि अंकुशकृमींसाठी असते. या बुटक्या टेपवर्मवर डॉक्टर प्रॅझिक्वांटेल देतात आणि नंतर शौच पुन्हा तपासतात. ज्यांना स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घ्यायची आहेत, त्यांनी सुरुवातीलाच शौच तपासून घ्यावी. हा सल्ला एरवीही चांगलाच आहे. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा दुसरा एक कृमी असाच शरीरातल्या शरीरात पिढ्या वाढवतो, आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर त्याने जीव घेतल्याची उदाहरणं काही दुर्मीळ नाहीत.

पॅथॉलॉजीच्या टेबलावर मात्र या प्रकरणाने खरंच फरक पडतो. एचआयव्ही आणि हा कृमी दोन्ही जिथे आहेत अशा गरीब वस्त्यांत असे रुग्ण आणखी असू शकतात, आणि त्यांना माणसाचा कॅन्सर समजून निदान केलं जात असेल, ही शंका उरतेच. तिथल्या लॅबमध्ये जनुकीय तपासणी नसते, कित्येकदा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीही नसते. पण तांबड्या रक्तपेशीची मोजपट्टी प्रत्येक स्लाइडवर आहे, आणि शौच तपासायला एक साधा मायक्रोस्कोप पुरतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बायोप्सीसोबत येणाऱ्या फॉर्मवर ‘क्लिनिकल हिस्ट्री’पुढे बहुतेक वेळा एक शब्द असतो, ‘लिम्फोमा?’ किंवा नुसतं ‘गाठ’. रुग्णाला एचआयव्ही आहे का, स्टेरॉइड चालू आहेत का, शौचात काही सापडलं होतं का, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पॅथॉलॉजिस्टला फोन करून ते विचारून घ्यावं लागतं, आणि रोज शेकडो स्लाइड येणाऱ्या सरकारी लॅबमध्ये फोन करायला माणूस आणि वेळ दोन्ही अपुरे.

आणखी दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. ओळख पटत नसलेल्या गाठीचा तुकडा काढताना सगळाच फॉर्मॅलिनमध्ये न टाकता त्यातला थोडा भाग ताजा, गोठवून ठेवावा, म्हणजे डीएनए शाबूत राहतो. आणि ब्लॉक जपावा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णाच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासले जातात. बाहेरचं निदान नुसतं वाचून उपचार सुरू करत नाहीत. त्यासाठी रुग्णाच्या नातेवाइकांनी पहिल्या लॅबमधून ब्लॉक मागून घ्यावा लागतो. मेणाचा तो ठोकळा नीट ठेवला तर कित्येक वर्षं टिकतो. आज ज्या गाठीवर ‘प्रकार सांगता येत नाही’ असा शेरा पडला आहे तिच्यातून दहा वर्षांनीही पापुद्रा कापून नवी तपासणी लावता येते.